माळावर झाडं वाढली, मग मृगाचे किडे कुठे गेले?

प्रश्न : आमच्या गावालगत मोठा माळ आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी त्यावर गिरिपुष्पाची लागवड झाली. आता तिथे चांगली सावली असते, खाली पाला पडलेला असतो. लहानपणी पहिल्या पावसानंतर याच माळावर लाल मखमली किडे, शेणाचे गोळे ढकलणारे भुंगे, मुंग्यांच्या रांगा आणि जागोजागी वारुळं दिसायची. आता त्यातलं फारसं काही दिसत नाही. झाडं लावली की पाला पडतो, पाला कुजून माती सुधारते, असं शाळेपासून ऐकत आलो आहे. मग सुधारलेल्या मातीत किडे वाढायचे सोडून कमी कसे झाले?
– एक वाचक, पुरंदर तालुका

उत्तर : तुमचा हिशेब तसा बरोबर आहे. झाड, मग पाला, मग कुजलेलं खत, मग किडे, ही साखळी जंगलात अगदी अशीच चालते. अडचण इतकीच, की तुमचा माळ हे उजाड झालेलं जंगल नाही. तो मुळातच माळ आहे आणि त्याची साखळी वेगळी आहे.

सह्याद्रीच्या पूर्वेला पाऊस एकदम कमी होतो. सासवडपासून बारामती, इंदापूर आणि पुढे सोलापूरपर्यंत वर्षाला साधारण ५०० ते ७०० मिलिमीटर, तोही चार महिन्यांत. मुरमावर वीतभर माती. अशा ठिकाणी जमीन झाकण्याचं काम गवत करतं आणि हिवर, बाभूळ, बोर अशी झाडं मधूनमधून उभी असतात. याच रचनेला शास्त्रज्ञ सॅव्हाना म्हणतात. सॅव्हाना म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जिराफ येतो, पण जिराफ नसला तरी सॅव्हाना असू शकतो.

‘इथे पूर्वी घनदाट अरण्य होतं, माणसांनी तोडलं म्हणून माळ झाला’ हा समज मात्र फार पक्का बसलेला आहे. सरकारी कागदांवर माळाची नोंद बहुतेक वेळा पडीक जमीन अशीच असते. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या दोन अभ्यासकांनी जुनं मराठी साहित्य आणि लोकपरंपरेतल्या कथा-ओव्या चाळून त्यांतल्या झाडा-गवतांचे उल्लेख तपासले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की पश्चिम महाराष्ट्राचा हा भाग कित्येक शतकांपूर्वीही सॅव्हानाच होता. पंढरपूरच्या देवळातला कान्होपात्रेचा तरटी वृक्ष तुम्ही पाहिला असेल. तरटी हे दाट अरण्यातलं नव्हे, मोकळ्या काटेरी माळाचं झाड आहे.

आता मातीत उतरू. जंगलाची श्रीमंती वर, खोडांत आणि फांद्यांत दिसते. माळाची श्रीमंती जमिनीखाली असते. पवन्या, मारवेल किंवा कुसळी गवताचा एक ठोंब उपटून पाहा, नव्हे, उपटायचा प्रयत्न करून पाहा. केसांसारख्या बारीक मुळांचं दाट जाळं हातात येतं. या मुळांचा काही भाग दर वर्षी मरतो, कुजतो, पुन्हा नवा फुटतो. मातीतल्या जिवांना अन्न मिळतं ते इथून. त्याच्या जोडीला उन्हाळ्यात वाळलेलं गवत, गवताचं बी आणि चरणाऱ्या जनावरांचं शेण. माळावरच्या किड्यांचा शिधा एवढाच, आणि झाडाचा पाला त्यात अगदी थोडा.

इथे गांडुळाविषयी थोडं बोलायला हवं, कारण माती चांगली की वाईट हे आपण त्याच्यावरून ठरवतो. गांडुळाची कीर्ती जगभर नेली ती चार्ल्स डार्विनने. १८८१ मध्ये त्याने गांडुळांवर एक पुस्तकच लिहिलं. पण डार्विन पाहत होता ती इंग्लंडची ओली, थंड माती. गांडूळ कातडीने श्वास घेतं, त्यामुळे माती सुकली की त्याचा कारभार बंद पडतो. आपला माळ वर्षाचे सात-आठ महिने कोरडा असतो. तिथे माती वरखाली करणं, भोकं पाडणं, पाणी मुरायला वाट करणं ही कामं मुख्यतः वाळवी आणि मुंग्या करतात. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कोरडवाहू गव्हाच्या शेतात शास्त्रज्ञांनी हे मोजलं. जिथे मुंग्या आणि वाळवी राहू दिली होती तिथे उत्पादन ३६ टक्के जास्त आलं. हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. बुर्किना फासोमधले शेतकरी याकूबा सावदोगो तर निकामी झालेल्या कडक जमिनीत खड्डे घेऊन त्यांत शेणखत टाकत आणि त्या वासाने येणाऱ्या वाळवीकडून जमीन भुसभुशीत करून घेत. त्यांना २०१८ मध्ये राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. आपण मात्र वाळवी दिसली की औषधाची बाटली शोधतो.

वाळवीबद्दलचे गैरसमज इतके आहेत, की त्यांच्यावर वेगळा लेख होईल. जगात वाळवीच्या सुमारे ३,००० जाती आहेत आणि घराला, पिकाला उपद्रव देणाऱ्या त्यांतल्या मूठभर. झाडाच्या खोडावर मातीचा लेप दिसला की वाळवी झाड खातेय असं आपण म्हणतो. मोठ्या झाडावर ती बहुधा सालीचा वरचा मेलेला थर खात असते. वारुळाचं श्रेय लोक कधी मुंग्यांना देतात, कधी नागाला. वारूळ बांधते वाळवी, आणि नाग तिथे शिरतो तो ‘आयत्या बिळावर नागोबा’ या न्यायाने. आपल्याकडची ओडोंटोटर्मिस ही वाळवी वारुळात चक्क शेती करते. काटक्या, वाळका पाला, गवत चावून त्याचा लगदा करते आणि त्यावर बुरशी वाढवून ती खाते. गोव्यात पावसाळ्यात वारुळावर उगवणाऱ्या ज्या अळमीसाठी लोक वाटेल तो भाव मोजतात, ती याच बुरशीची छत्री.

तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की सगळी वाळवी लाकूड खात नाही. माळावर ट्रायनर्व्हिटर्मिससारखी वाळवीही असते. तिला वाळलेलं गवत लागतं. ती उघड्यावर येते, गवताचे तुकडे कापते आणि बिळात नेते. गवत आहे तोवर ती आहे. ओडोंटोटर्मिसला गवत गेलं तरी काटक्या चालतात. झाडं लावली की दोघींचं नशीब एकसारखं राहत नाही, ते यामुळेच.

लागवड झाली की नेमकं काय होतं? पहिला धक्का झाडाचा नसतो, खोदकामाचा असतो. दीड-दोन फुटांचे हजारो खड्डे, त्यांच्या जोडीला उताराला आडवे सलग समतल चर, आणि हे काम हल्ली बहुतेक यंत्रानेच होतं. वीतभर मातीच्या जमिनीत दोन फूट खोदलं की खालचा मुरूम वर येतो आणि वरची जिवंत माती त्याच्याखाली गाडली जाते. तुमच्या माळावरची जुनी वारुळं नाहीशी होण्याचं कारण बहुधा हेच असावं. सावलीला ते काम करायला इतक्या लवकर जमलं नसतं. शिवाय नव्या रोपांची मुळं वाळवीने कुरतडू नयेत म्हणून खड्ड्यात कीटकनाशक टाकण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. निलगिरीच्या लागवडीत तर ती फार जुनी. माती सुधारण्याच्या योजनेची सुरुवात मातीतल्या जिवांना विष घालून होते, हे कुणाच्या लक्षात कसं येत नाही याचं मला नेहमी नवल वाटतं.

त्यानंतर चराईबंदी येते. रोपं जगवायची तर गुरं-मेंढरं आत येऊन चालत नाही, हे समजण्यासारखं आहे. पण जनावर गेलं की शेण गेलं, आणि शेण गेलं की शेणकिडे गेले. त्यांच्या काही जाती शेणाचा गोळा करून दूर ढकलत नेतात आणि पुरतात, तर काही शेणाच्या खालीच बोगदा खणून ते आत ओढतात. दोन्ही रीतींनी खत मातीत मिसळतं आणि हवा-पाण्याला वाट होते. गोळा ढकलणाऱ्यांना मोकळी जमीन लागते आणि वाट काढायला उघडं आकाशही. आफ्रिकेतल्या एका निशाचर शेणकिड्याला अमावास्येच्या रात्री आकाशगंगेचा पट्टा पाहून सरळ रेषेत जाता येतं, हे २०१३ मध्ये प्रयोगांनी दाखवलं. त्यासाठी शास्त्रज्ञांनी किड्यांच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या इवल्याशा टोप्या बसवल्या होत्या. दाट फांद्यांखाली या विद्येचा उपयोग काय?

मग तिसऱ्या-चौथ्या वर्षी झाडांचे शेंडे एकमेकांना भिडतात आणि सावली पडते. आपल्याला सावली सुखाची वाटते. माळाच्या गवताला ती मारक असते. ही गवतं भर उन्हात वाढणारी आहेत. ऊन अर्ध्यावर आलं की ती विरळ होतात, दाट सावलीत मरतात. ती मेली की मुळांचं जाळं गेलं आणि जाळ्यावर जगणारे गेले. तापमानही बदलतं. एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारी उघड्या माळाची जमीन पन्नास अंशांच्या वर तापते. आपल्याला ते नरकासारखं वाटतं, पण इतर शत्रू बिळात बसलेले असताना त्याच वेळी बाहेर पडून पोट भरणाऱ्या लांब पायांच्या मुंग्या आहेत. सावलीने त्यांची ही हक्काची वेळच काढून घेतली जाते.

पाला तर पडतोच ना, असं तुम्ही म्हणाल. पडतो, पण पाल्या-पाल्यांत फरक असतो. गिरिपुष्पाच्या पानांत नत्र भरपूर, म्हणून तर कोकणात भातखाचरांत त्याचं हिरवळीचं खत करतात. हा पाला काही आठवड्यांतच कुजून जातो. त्यामुळे वर्षभर टिकणारा, किड्यांना आसरा देणारा जाड थर बनत नाही. आणि नत्र वाढणं हीसुद्धा माळावर मेहेरबानी नव्हे. माळाची वनस्पती कमी नत्रावर जगायला सरावलेली असते. नत्र वाढलं की तण माजतं आणि मूळच्या गवतांना ढकलून देतं. निलगिरीची गत उलटी. तिच्या पानांत तेल आणि तुरट द्रव्यं भरलेली असल्याने ती लवकर कुजत नाहीत आणि ताजी असताना फार थोड्यांना रुचतात. ऑस्ट्रेलियन बाभळीचा पाला चिवट, थर चांगला जाड होतो, त्यामुळे पाला खाणाऱ्या जिवांची त्याखाली सोय होते. ‘झाडाखालची माती’ असा एकच प्रकार नसतो. झाड कोणतं, यावर बरंच अवलंबून असतं.

आता तुमच्या लाल मखमली किड्याकडे येऊ. मृगाचा किडा हा खरं तर कीटक नाही. त्याला आठ पाय असतात, तो कोळ्यांच्या गोतावळ्यातला, गोचिडीचा जवळचा नातेवाईक. वर्षभर तो जमिनीत पुरून घेतो आणि पहिल्या दमदार पावसानंतर थोडा वेळ वर येतो. त्याची पिल्लं नाकतोड्यांसारख्या कीटकांच्या अंगाला चिकटून त्यांचा रस पितात, मोठेपणी तो मातीतली अंडी आणि लहान जीव खातो. आता जोडून पाहा. गवत विरळ झालं, नाकतोडे घटले, पिल्लांना बसायला वाहन उरलं नाही. त्यात चर खणताना त्याची जमिनीतली जागाही उलथली गेली. बी साठवणाऱ्या मुंग्यांचंही तसंच. त्यांच्या बिळाच्या तोंडाशी गवताच्या कोंड्याचं गोल कडं दिसतं. गवताला बीच धरलं नाही तर कोठार भरायचं कशाने?

इथवर वाचून ‘म्हणजे लागवडीखालची माती मेली’ असा निष्कर्ष काढाल, तर थांबा. तसंही नसतं. काँगो प्रजासत्ताकात पॉइंट-नॉइर बंदराजवळच्या वाळूच्या, निकस सॅव्हानावर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निलगिरी, पाइन आणि ऑस्ट्रेलियन बाभळीची मोठी लागवड झाली. तिथल्या मातीतले जीव संशोधकांनी १९९० च्या दशकात मोजले. लागवडीचं वय वाढेल तशी जिवांची संख्याही वाढत गेली, आणि कोणतं झाड लावलंय त्यानुसार ती कमी-अधिक भरली. म्हणजे नुसती डोकी मोजली तर काही लागवडी पासही होतील.

पण डोकी मोजून भागत नाही. जुन्या चाळीच्या जागी टॉवर उभा राहिला की तिथे राहणाऱ्यांची संख्या वाढतेच, प्रश्न असतो तो जुन्या बिऱ्हाडांपैकी किती परत आली याचा. माळावर लागवड झाल्यावर येतात ते पाला खाणारे किंवा ओलसर सावली मानवणारे जीव: वाणी, गोम, लाकडावरची वाळवी, थोडी गांडुळं. हे आपल्याला गावाच्या आमराईत, ओढ्याकाठी, सह्याद्रीच्या कुठल्याही राईत भेटतात. जातात ते फक्त उघड्या गवतात राहणारे, आणि त्यांना दुसरीकडे जायला जागा नसते.

ब्राझीलच्या सेराडो सॅव्हानातलं एक उदाहरण यासाठी फार बोलकं आहे. साओ पावलो राज्यातल्या एका संरक्षित क्षेत्रात वणवे पूर्ण थांबवल्यामुळे झाडं आपोआप दाटली. तिथे कुणी लागवड केली नव्हती, खड्डे खणले नव्हते, परदेशी झाडही आणलं नव्हतं. तरीही सॅव्हानाचं रान झालं तिथे वनस्पतींच्या जाती २७ टक्क्यांनी आणि मुंग्यांच्या जाती ३५ टक्क्यांनी घटल्या. हा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. देशी झाडं लावली की सगळं ठीक, असं मानणाऱ्यांनी हे आकडे जरूर पाहावेत. झाड देशी की परदेशी, हा प्रश्न दुसरा. आधी विचारायचं ते हे, की ऊन जमिनीपर्यंत पोचतंय का.

याचा अर्थ माळावर झाडच नको, असा मुळीच नाही. एकटा हिवर किंवा बोर उभा असतो, त्याच्याखाली दुपारी मेंढरं बसतात, लेंड्या पडतात, पक्षी बिया टाकतात, थोडी ओल धरून राहते. त्याच्या सावलीत एक प्रकारचे जीव आणि दहा पावलांवर उन्हात दुसऱ्या प्रकारचे. माळाची विविधता येते ती या ठिपक्या-ठिपक्यांच्या रचनेतून. लागवडीत दर दोन-तीन मीटरला एक रोप लावतात आणि ठिपके एकमेकांत मिसळून जातात. आपल्याकडे राज्याने २०१९ च्या पावसाळ्यासाठी तब्बल ३३ कोटी झाडांचं उद्दिष्ट ठेवलं होतं. एवढी मोठी संख्या गाठायची म्हटलं की नजर आपसूक मोकळ्या जमिनीकडे जाते, आणि मोकळी जमीन म्हणजे माळ. तीच रोपं जंगल तुटलेल्या डोंगरउतारांवर, गावठाणात, रस्त्याकडेला, बांधावर लावली तर कुणाचं काही बिघडत नाही.

स्वतः पडताळून पाहायचं असेल तर फार साहित्य लागत नाही. लागवडीत आणि शेजारी उरलेल्या उघड्या माळावर, प्रत्येकी पाच-सहा ठिकाणी, २५ सेंटिमीटर लांब-रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल मातीचा ठोकळा काढा. उष्ण प्रदेशातल्या मातीच्या अभ्यासात हेच माप सर्रास वापरतात. मुरूम आधीच लागला तर तिथेच थांबा. माती पांढऱ्या कापडावर पसरा आणि हाताने निवडा. नावं ठाऊक नसली तरी हरकत नाही. मुंगी, वाळवी, भुंगा, अळी, वाणी, गांडूळ, कोळी असे ढीग करा आणि मोजा. हे काम जुलै-ऑगस्टमध्ये करा. मे महिन्यात केलंत तर दोन्हीकडे शुकशुकाट दिसेल आणि उगाच चुकीचा निष्कर्ष निघेल. वाळवीसाठी संशोधक आणखी एक युक्ती करतात. शौचालयात वापरतात त्या कागदाच्या साध्या, बिनवासाच्या गुंडाळ्या जमिनीत पुरून ठेवतात आणि काही आठवड्यांनी कुणी किती खाल्लं ते पाहतात. गावात हे करताना चार लोक विचारतील, तेवढी तयारी ठेवा.

तुम्ही विचाराल, मग आता ही झाडं काढायची का? एकदम सपाट करू नका. जमीन वनखात्याची असेल तर तुम्हाला तसं करता येणारही नाही, तिथे ग्रामसभेमार्फत बोलावं लागेल. पण दाटी मोडता येते. ज्या भागात अजून पवन्या, मारवेल तग धरून आहे तिथून सुरुवात करावी, कारण मुळासकट गेलेलं जुनं गवत परत यायला कित्येक वर्षं लागतात. गिरिपुष्प नुसतं तोडलं तर बुंध्यातून जोमाने फुटतं, म्हणून ते बुंध्यासकट काढावं लागतं किंवा फुटवे सतत खुडावे लागतात. मधले हिवर-बोर राहू द्या. उरलेल्या वारुळांना हात लावू नका, भोवतीच्या जमिनीत वाळवी पसरेल ती तिथूनच. आणि दाटी मोडलेल्या पट्ट्यात पावसाळ्यानंतर, गवताचं बी गळून गेल्यावर, धनगरांचे वाडे काही दिवस बसू द्या. शेणकिड्यांना वेगळं आमंत्रण लागत नाही. ताज्या शेणाचा वास लागला की ते उडत येतात.